डबे कोण खोलतं

९ फेब्रुवारी

चि. गट्टू,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचा की परत पाठवायचा ते तुझं तू ठरव.

पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिच्या डोक्यावर बसून घेतला. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "आई, कामात आहे" म्हणून ठेवतोस. जगातले सगळे दात काय तुझ्याच कवळ्यांच्या दुकानात पडायला येतात का रे? म्हणून म्हटलं कागदच बरा. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तर काम असं आहे. घर सोडून गेलास तेव्हा छोट्या आगगाडीच्या डब्यांचं एक खोकं घेऊन गेलास. ते बोटाएवढे मालडबे. लहानपणी बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून तूच ते जोडले होतेस, त्यामुळे नेलेस ते मी तेव्हाही बोलले नाही आणि आताही बोलत नाही. पण आता ते इकडे पाठव. बाबांना हवेत. सगळ्या डब्यांची जुनी प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची बसवायची, आणि डब्याला डबा जोडायचे जुने आकडे काढून ते आपोआप अडकणारे नवे कपलिंग लावायचे, असं त्यांनी मनावर घेतलं आहे. इथले डबे होत आले. तुझ्याकडचे तेवढे राहिले. तुझ्याकडे ते माळ्यावर पडले असणार, तुझ्या बायकोनं ते बैठकीत मांडू दिले असतील असं मला वाटत नाही, आणि त्यात तिचं काही चुकतही नाही.

बाबा ठणठणीत आहेत. कवळ्या बनवायचं काम सोडलं, ती खोलीही देऊन टाकली. आता सकाळी उठले की मागच्या खोलीत टेबलाशी बसतात ते जेवायलाच उठतात. मी माझं शिवण घेऊन बाहेर. आमचं बरं चाललंय.

डबे जसे असतील तसे पाठव. धूळसुद्धा पुसू नकोस.

तुझी आई


२६ फेब्रुवारी

गट्टू,

खोकं नाही, उत्तरही नाही. बरं.

मावशी म्हणते, "ताई, तू त्याला खरं काही लिहिलंच नसशील." ही मावशी लहानपणापासून अशीच, आगाऊ. पण या वेळी तिचं बरोबर निघालं. ठणठणीत वगैरे जे मी लिहिलं ते खोटं होतं.

बाबांना विसरायला होतं. चष्मा, किल्ल्या असलं नाही रे, ते मलाही होतं. मध्ये एकदा मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, "बाई, आमची मंडळी कुठं गेली हो? सकाळपासून दिसली नाही." मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, "पळून गेली." तर त्यांचा चेहरा असा पडला की मला तिथेच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. आता मी सांगते, येतेच आहे, जरा दुकानात गेली आहे. मग त्यांना बरं वाटतं. मी बाहेर जाते, पदर नीट करते आणि पुन्हा आत जाते. कधी ओळखतात, कधी नाही.

दोनदा घराबाहेर पडले. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी कोपऱ्यावरून आणलं. दुसऱ्यांदा थेट आपल्या जुन्या कामाच्या खोलीशी पोचले. तिथे आता पोरांचं फोन दुरुस्तीचं दुकान आहे. हे गल्ल्याच्या आत शिरले आणि साच्याचं प्लास्टर कुठे ठेवलं म्हणून ओरडायला लागले. पोरांना वाटलं दारुडा आहे. ओठ फाटून घरी आले. कोण कुठली ती कार्टी, आणि ज्या माणसानं अर्ध्या शहराला हसायला दात दिले त्याच्या तोंडावर मारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात गुंतवून ठेवा, हातांना अजून सगळं आठवतंय. ते खरं आहे. डबा उलटा धरायचा, खालची चाकांची चौकट अंगठ्यानं अगदी हलकी फाकवायची, दोन्हीकडे सुईसारखं टोक असलेला कणा त्या दोन बारीक भोकांत बसवायचा, चाकाला टिचकी मारून बघायचं. मग कपलिंग. त्यातली ती मेली स्प्रिंग, खसखशीएवढी, उडाली की गेली. म्हणून तिच्यातून आधी दोरा ओवून ठेवायचा, झाकण बसलं, स्क्रू घट्ट झाला की दोरा ओढून काढायचा. हे सगळं ते न चुकता करतात. चिमटा हातात असेपर्यंत कुठे जायचं, काय हरवलं, काही विचारत नाहीत. मला "अगं" म्हणतात. जेवायच्या वेळी स्वतः उठून हात धुतात. तेवढा वेळ माझा नवरा घरात असतो, गट्टू.

आणि हात रिकामे झाले की दार.

दाराला कुलूप लावून बघितलं, तर डोकं आपटून घेतलं त्यांनी दारावर. बाई म्हणाल्या, यापुढे घरी सांभाळणं झेपलं नाही तर एक संस्था आहे, बघून या. मी बघून आले. स्वच्छ आहे, फरशी चकचकीत. माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसवलेली, आणि ज्यांना उठून पळायची सवय आहे त्यांची मनगटं खुर्चीच्या हाताला बांधलेली. "मऊ पट्टा आहे हो, लागत नाही," तिथली बाई म्हणाली. तिच्या परीनं ती चांगलीच होती. मी बाबांचे हात तिथे बांधलेले मनात आणून बघितले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

तुझं आणि त्यांचं जे झालं त्यात मी पडत नाही. तू त्यांच्या हाताखाली शिकलास आणि समोरच्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलंस, त्यांना कवळ्यांचं काम देणारे तीन दातांचे डॉक्टर तुझ्याकडे गेले. ते म्हणाले, "मला मुलगा नाही." तू म्हणालास, "बरं." दोघंही एकाच मातीचे. पण आता प्रश्न मानापानाचा राहिलेला नाही. इथले डबे झिजून गेलेत, त्यांच्यात काही राहिलं नाही, आणि मला दुसरे हवेत. दुकानातले नवे आणले तर त्यांना ते आवडत नाहीत. हे माझे नाहीत म्हणून बाजूला सारतात. तुझ्या खोक्यातले ते ओळखतील.

पाठव रे.

आई


१४ मार्च

गाढवा,

खोकं मिळालं.

केवढ्या आशेनं उघडलं मी! एकेक डबा कागदात गुंडाळलेला. पहिला काढला, उलटा केला, तर काय, धातूची चाकं बसवलेली. दुसरा, तसाच. कपलिंग लावलेली, मापाच्या पट्टीला लावून बघितली तर उंची तंतोतंत. सगळेच्या सगळे तयार! वर तुझी चिठ्ठी: "आई, पूर्ण करून पाठवतोय. या वयात बाबांच्या डोळ्यांना ताण नको."

मी कपाळाला हात लावून खाली बसले आणि मोठमोठ्यानं रडले. इतके महिने रडले नव्हते. वकिलांची बायको खाली येऊन विचारून गेली, कोण गेलं म्हणून.

तुझी चूक नाही. चूक माझी, मी सरळ लिहिलं नाही. धूळ पुसू नकोस एवढं लिहिलं आणि मला वाटलं तू समजशील. तू कसला समजतोस! अर्धवट काम हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही हे ज्यानं तुला शिकवलं त्याचाच तू मुलगा. तर आता सरळ लिहिते.

ते जोडतात आणि मी खोलते.

दुपारी ते झोपले की मी मागच्या खोलीत जाते, दार ओढून घेते, आणि सकाळी त्यांनी बसवलेली सगळी चाकं, सगळी कपलिंग काढून ठेवते. धातूची चाकं डबीत, प्लॅस्टिकची पुन्हा डब्याला. मला शिवण उसवायची जन्माची सवय, त्यामुळे हात लवकर बसला. पहिल्यांदा केलं ते असं. सगळे डबे संपले होते, दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या टेबलाशी बसले आणि थोड्या वेळानं बूट घालायला लागले. मी घाबरून दोन डबे खोलून पुढ्यात ठेवले. ते बसले. त्याच दिवसापासून हे चालू आहे.

पण बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या डब्यानं किती सोसायचं? रोज स्क्रू आत, रोज बाहेर. भोकं मोठी झाली, स्क्रू धरेना. मी त्यात डिंकात बुडवलेला दोरा भरते, तो दोन-चार दिवस टिकतो. चौकटी फाकल्या, कणा टोकावर नीट बसत नाही, टिचकी मारली की चाक लडबडतं. आणि लडबडलेलं चाक तुझ्या बाबांना कधी खपलंय? डबा भिंतीवर फेकतात. ओरडतात, "कुणीतरी येतं इथे! कुणीतरी माझं काम बिघडवतंय!"

डॉक्टरीणबाई मला समजावतात, की या आजारात संशय येतोच, वाद घालू नका, हो म्हणून विषय बदला. मी मान डोलावते. त्यांना कुठे माहीत आहे की या एका बाबतीत त्यांच्या पेशंटचं डोकं अगदी ठिकाणावर आहे.

तर तुझं खोकं. मी ते उचलून कपाटात ठेवणार इतक्यात ते मागे येऊन उभे. माझ्या हातातून एक डबा घेतला. उलटा केला. भिंग लावलं. चाकाला टिचकी मारली. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. त्यांनी डबा कानाशी नेला. मग पट्टीशी लावून कपलिंगची उंची बघितली आणि मला म्हणाले, "हे कुणाचं काम?"

माझ्या तोंडात तुझं नाव आलं होतं. मी म्हटलं, "आहे एक कारागीर."

"त्याला बोलाव," म्हणाले. "असा हात राहिला नाही आता कुणाचा. मला एकट्यानं होत नाही. दोघं बसलो तर उरकेल."

त्या रात्री शांत झोपले. दुसऱ्या दुपारी मी तुझे डबे खोलायला घेतले. स्क्रू इतके सरळ आणि घट्ट होते की मला चिमटा खाली ठेवून जरा थांबावं लागलं. पण खोलले.

आई


२ एप्रिल

गट्टू,

तुझं एका ओळीचं पत्र आलं. "मी येऊ का?" एवढंच लिहिलंस, पण ते मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. ये. पण आधी हे सगळं वाच, आणि वाचूनही यावंसं वाटलं तर ये.

मुलगा म्हणून येऊ नकोस. कारागीर म्हणून ये.

का ते सांगते. त्यांना मुलगा आठवतो. तोच आठवतो, बाकी सगळं पुसलं तरी. तेवीस-चोवीस वर्षांचा, बारीक, मिशी न ठेवलेला, त्यांचे डॉक्टर पळवणारा. आणि डबे कोण बिघडवतं याचा शोध त्यांनी लावला तेव्हा त्यांच्या तोंडून पहिलं नाव आलं ते तुझं. "गट्टूच! आधी डॉक्टर पळवले, आता माझं काम खोलून जातो. मला बसू द्यायचं नाही त्याला."

मी तिथेच उभी होते. गप्प बसले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "असेल हो." झालं, तुझ्या नावावर बिल फाडून मी मोकळी झाले. आता रोज फाडते. गट्टू, त्यांना गोळी माझ्याच हातची चालते. मावशीनं दिली तर थुंकून टाकतात, वकिलांनी दिली तर त्यांच्या अंगावर जातात. ज्या दिवशी मी म्हणजेच ती खोलणारी हे त्यांना कळेल, त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणीही घेणार नाहीत. मग तो चकचकीत फरशीचा हॉल आणि मऊ पट्टा. म्हणून तुला चोर केलं. तू लांब होतास, तुला काही होणार नव्हतं, असा मी विचार केला. आईनं असा विचार करावा का, तर नाही. पण केला.

तुला ते ओळखणार नाहीत. पोट सुटलंय तुझं, मावशीनं फोटो दाखवला. त्यांना "मास्तर" म्हण, कामाच्या खोलीत सगळे म्हणायचे तसं. दातांचा विषय काढू नकोस. स्वतःबद्दल वाईटसाईट ऐकावं लागेल, ते गिळ. मध्येच हसू नकोस आणि मध्येच डोळ्यांत पाणी आणू नकोस, दोन्ही तुला लपवता येत नाही. फार झालं तर पाणी प्यायला स्वयंपाकघरात ये, मी तिथेच असेन.

तू येणार म्हणून मी काल तुझी जुनी उशी उन्हात टाकली आणि मग आठवलं की कारागीर मुक्कामाला राहत नसतो. पुन्हा कपाटात ठेवली.

आई


२१ एप्रिल

गट्टू,

पोचलास का? कपाळाला औषध लावलंस का? खोक पडली असेल तर टाके घालून घे, तुझ्या डॉक्टरांपैकी कुणीही फुकट घालेल.

तू होतासच, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते. मला कुणाला तरी सांगायचंय, आणि तुझ्याशिवाय हे कळणारं आहे कोण?

सकाळ तुला कशी वाटली ते मला ठाऊक नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते. "या, बसा," म्हणाले तुला, खुर्ची पुढे केली. स्वतःचं भिंग दिलं. मला आजवर त्या भिंगाला हात लावू दिला नाही! तू कपलिंगखाली कागदाची चकती घालून उंची वाढवलीस तेव्हा म्हणाले, "हे कुठं शिकलात?" तू म्हणालास, "एक मास्तर होते." आणि ते हसले रे. "मग चांगले होते म्हणायचे," म्हणाले. मी चहा गाळता गाळता कपाबाहेर ओतला.

मग तू विचारलंस. विचारायची काय गरज होती? "मास्तर, तुम्हाला मुलंबाळं?" मला आतून कळलं तू विचारणार. त्यांनी चिमट्यातला कणा नीट बसवला, टिचकी मारली, आणि म्हणाले, "एक होता. गेला." कसा गेला, तू विचारलंस. "आमच्या हातून," म्हणाले. तू पाणी प्यायला आलास. दोन पेले प्यायलास.

दुपारी ते झोपले. तूच म्हणालास, "आई, तू जरा पड, मी खोलतो." मी पडले असते तर बरं झालं असतं का? नाही, काही फरक पडला नसता. मी शेजारी बसून स्प्रिंगांत दोरे ओवत होते, आपण हळू आवाजात बोलत होतो, तुझी मुलगी कितवीत गेली, तिला मी आवडेन का, असलं काहीबाही. इतक्या वर्षांत आपण असं बसलो नव्हतो. मी आनंदात होते. खरं सांगते, त्या घटकेला मी आनंदात होते, आणि म्हणून मला पावलं ऐकू आली नाहीत.

ते दारात, अनवाणी. तुझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही त्यांनी. तुझ्या हातांकडे बघत होते. सकाळी त्यांच्याबरोबर बसवलेला डबा तुझ्या हातात उलटा होता आणि तू स्क्रू सैल करत होतास, करंगळी टेबलावर टेकवून, त्यांनीच शिकवली तशी. सकाळी तेच हात शेजारी होते, पण तेव्हा ते जोडत होते. खोलताना दिसले आणि ओळख पटली.

"तू," म्हणाले. सकाळपासून अहो-जाहो करत होते. "गट्टू. तूच. मला माहीत होतं."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. "अहो, तो नाही, मी," एवढं माझ्या ओठांवर आलं, आणि तू टेबलाखाली माझं मनगट असं दाबलंस की अजून दुखतंय. आणि त्यांच्याकडे बघून म्हणालास, "हो. मीच. रोज दुपारी येतो."

चाकांची डबी त्यांनी फेकली ती तुला लागली. "माझ्या घरातून चालता हो" हे तेच शब्द, त्याच आवाजात. तू उठलास, माझ्याकडे बघितलंही नाहीस, बघितलं असतंस तर मी फुटले असते. जिना उतरलास. तेविसाव्या वर्षी हाकललं तेव्हा दार आपटून गेला होतास. या वेळी सावकाश लावलंस.

मग मी खाली वाकून चाकं गोळा केली. त्यांनी मला हात धरून उठवलं. "अगं, राहू दे," म्हणाले. "सापडला तो. आता तू भिऊ नकोस." आणि संध्याकाळची गोळी माझ्या हातून मुकाट घेतली.

तू हेच वाचवलंस, मला कळतंय. तुझ्या आईला कळतंय. पण हे मी तुझ्याकडून मागितलं नव्हतं.

आई


१५ मे

गट्टू,

तू विचारलंस बाबा कसे आहेत. या वेळी खरं लिहिते.

डब्यांना ते आता हात लावत नाहीत. मी पुढ्यात ठेवले तर म्हणतात, "झालं ते काम." चोर पकडला, आता कशाला जोडत बसायचं? म्हटलं, आता बूट घालणार आणि निघणार. पण त्यांनी काय करावं? मागच्या खोलीतली खुर्ची ओढत ओढत पुढच्या दारापाशी नेली, काठी घेतली आणि जिन्याकडे तोंड करून बसले. राखण. तुझी.

सकाळी चहा झाला की बसतात ते अंधार पडेपर्यंत. वरचे वकील येता-जाता थांबवून घेतात, "पिशवीत काय आहे, दाखवा." वकील बिचारे भाजी दाखवतात. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, सगळ्यांना विचारतात, "आमचा गट्टू दिसला का? असा, बारीक." घराबाहेर एक पाऊल टाकलं नाही. दार उघडं, तरी नाही. उठलो आणि तेवढ्यात तो आला तर? डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं. काय केलंत म्हणाल्या.

जेवण त्याच खुर्चीत, ताट मांडीवर. कधी नव्हे ते दोनदा वाढून घेतात. इतकी वाट त्यांनी आयुष्यात कुणाची बघितली नाही. लग्नात माझीसुद्धा बघितली नसेल.

पण ते आता पुसट व्हायला लागलंय. परवा खुर्चीत बसले आणि थोड्या वेळानं मला म्हणाले, "बाई, मी इथे कशाला बसलोय?" मी म्हटलं, "गट्टू येईल ना." "कोण गट्टू?" म्हणाले. काल बूट घातले. मी अडवलं तर काठी उगारली, आणि मारली. दंडावर आहे, फार नाही. कोपऱ्यापर्यंत गेले, वकिलांनी आणि मी मिळून आणलं. आज डॉक्टरीणबाईंचा फोन आला, संस्थेत एक जागा रिकामी होते आहे, पुढच्या सोमवारपर्यंत काय ते कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतील.

डबे उपयोगाचे नाहीत आता. दुसरं काही सुचत नाही. एकच माणूस आहे जो दारात उभा राहिला तर त्यांना आपण कोण, कुठे, कशाला बसलोय हे सगळं एका झटक्यात आठवेल.

म्हणून विचारते. येशील का? मुलगा म्हणून नाही, कारागीर म्हणूनही नाही. चोर म्हणून ये. जिना चढून दारात ये, त्यांना दिसू दे, शिव्या खा आणि जा. मग ते पुन्हा काही दिवस बसतील. पुसट झालं की मी पत्र टाकीन, पुन्हा ये. काठीच्या टप्प्याबाहेर उभा राहा, मी मध्ये असेनच. जगात कुठल्या आईनं मुलाला असलं बोलावणं धाडलं नसेल. तू नाही म्हणालास तर मी समजेन, सोमवारी त्यांना पोचवून येईन आणि त्याबद्दल तुला एक शब्द बोलणार नाही.

गेल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. मुद्दाम ठेवून घेतली, माझ्याजवळ. वाटलं, ही तुला सांगितली तर तुला फार लागेल. आता वाटतं, ती माझी नाहीच, तुझी आहे.

त्या दिवशी तुला हाकललं, तू खाली गेलास, मी चाकं गोळा केली, ते सगळं झाल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तू रस्ता ओलांडत होतास, रुमाल कपाळाला लावून. ते बघत राहिले, तू कोपऱ्यावर वळेपर्यंत. मग मला म्हणाले, "अगं, पांढरे झाले की गट्टूचे केस. कधी झाले? जेवतो तरी का नीट?"

मी काही बोलायच्या आत त्यांच्या डोळ्यांतून ते गेलं आणि मला "बाई" म्हणाले.

गुरुवारी दुपारी ये. त्या दिवशी मी त्यांना झोपू देणार नाही.

आई